थोडं वळवून घेऊ

“थोडं वळवून घेऊ की, त्यात काय!”

काकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका पंख्यावरून. अंबरनाथच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणारी आमची छोटीशी कंपनी. डिस्पॅचच्या खोलीत टेबलफॅन एकच. खरेदीचं काम बघणाऱ्या हरीशला तो तोंडावर हवा असायचा, आणि त्याच्या तोंडावर आला की माझी मालाची चलनं खोलीभर उडायची. मला नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, आमची चांगलीच जुंपली. तेवढ्यात स्टोअरचे काका आत आले. त्यांनी काही विचारलं नाही, तेवढं एक वाक्य म्हणत पंखा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. वारा भिंतीवर आपटून दोघांकडे यायला लागला. माझा एक कागद हलला नाही आणि हरीशचा घामही वाळला.

“बघ बाय, भांडायचं कशाला,” असं मला म्हणून काका ग्रीसचा डबा शोधायला निघून गेले.

तुमच्याही ऑफिसात, नाहीतर सोसायटीत, असा एखादा माणूस असेल. कुणाला ‘नाही’ म्हणणं ज्याच्या जिवावर येतं, आणि म्हणून जो सगळ्यांसाठी कुठूनतरी आडवाट काढत बसतो. आमच्याकडे ते काका होते. कुणाची सुट्टी नाकारली गेली की ते शिफ्ट इकडची तिकडे करून द्यायचे. ट्रकवाला आणि वॉचमन हमरीतुमरीवर आले की ट्रक मागच्या गेटनं आत घ्यायला लावायचे. मॅनेजरसाहेब चिडून काही लागेल असं बोलले, तर काका तोच निरोप इतका मऊ करून पोचवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, साहेबांनी आपली विचारपूसच केली.

कंपनीची गाडी सकाळी मला कात्रपला घ्यायची आणि काकांना कुळगावात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. संध्याकाळी ते तिथेच उतरायचे. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. उतरल्याबरोबर काकांचा गिरणीवाल्याला एकच प्रश्न.

“कोणी आलं होतं का?”

पिठानं भुवया पांढऱ्या झालेला गिरणीवाला मान न उचलता म्हणायचा, “नाय.”

मग काका सुस्कारा सोडायचे आणि घराकडे चालू लागायचे. हे रोजचं. मला वाटायचं, पाहुण्यांची वाट बघत असतील. चेहरा मात्र पाहुण्यांची वाट बघणाऱ्याचा नसायचा.

काकांची मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. त्यात शहर बांधायचा एक गेम होता. मोकळी जमीन, एक नदी, कडेनं गेलेला हायवे. आपण रस्ते आखायचे, की रस्त्यांच्या कडेला आपोआप घरं उभी राहतात, दुकानं निघतात, माणसं राहायला येतात. काका लॅपटॉप उघडायचे ते मुलीचे फोटो बघायला. एक दिवस चुकून गेम उघडला गेला आणि काका त्यात जे शिरले ते शिरलेच. लॅपटॉप डब्याबरोबर कंपनीत यायला लागला, आणि जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात माउस.

हरीश उल्हासनगरचा सिंधी. वाक्य मराठीत सुरू करायचा आणि अर्ध्यात हिंदीत घसरायचा. तो हाच गेम घरी मोठ्या स्क्रीनवर खेळायचा, तेव्हा काकांचं गुरुपद त्यानं आपणहून घेतलं.

“काका, शहर एकदम असली पाहिजे. असली शहर में क्या होता है? हायवे से बडा रोड निकलता है, बडे से मीडियम, मीडियम से गल्ली. गल्ली सीधा हायवे को जोडी तो खलास, चौक तुंबणार. आणि रोड एकदम सरळ. चौकोन चौकोन. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्पात कसं, नंबर विचारला की माणूस पोचला.”

“तुमच्या कॅम्पात मी दोनदा हरवलोय,” काका म्हणाले.

पण काकांचे रस्ते सरळ जायचेच नाहीत. हायवेपासून ऐटीत निघायचे आणि पहिलं घर आलं की बाजूला सरकायचे. मग शाळेला वळसा, दुकानाला वळसा, कुणाच्या तरी परसातल्या झाडाला वळसा. हरीश कपाळाला हात लावायचा.

“काका, ये रोड है या जलेबी?”

“मध्ये घर आलं ना.”

“तो उडा दो! बुलडोझर किस लिए दिया है?”

त्या गेममध्ये एखाद्या घरावर टिचकी मारली की आत कोण राहतं, कुठे कामाला जातं, आत्ता काय करतंय, सगळं दिसतं. काका टिचकी मारायचे. “हा बघ. हा बेकरीत कामाला हाय. आत्ता घरी हाय.”

“काका, वो कंप्युटर का आदमी है.”

“असंल. पण घरी हाय ना.”

मग आम्ही तिघंही तो माणूस कामाला जायची वाट बघत बसायचो. तो बाहेर पडायचा, गाडीत बसायचा. हरीश ओरडायचा, “अब मारो!” आणि काका माउसवरचा हात काढून घ्यायचे. “संध्याकाळी परत येईल तेव्हा?” एवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा व्हायची. थोडं वळवून घेऊ, असं पुटपुटत काका रस्त्याला आणखी एक बाक द्यायचे आणि लॅपटॉप मिटायचे.

शहर तुंबायचंच. कचऱ्याच्या गाड्या कुठे पोचेनात, अ‍ॅम्ब्युलन्स चौकात अडकून राहायची, सगळे रस्ते लालभडक दिसायला लागायचे. शेवटी माणसं कंटाळून घरं सोडून जायची आणि सोडलेली घरं काळी पडायची. हरीशला यात भारी आनंद. “देखो, तुम्हारा शहर खाली हो गया!” काका मात्र त्या काळ्या घरांकडे बराच वेळ बघत राहायचे. “आपण नाय ना काढलं,” ते हळूच म्हणायचे. “आपल्या पायांनी गेले.”

आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं.

गणपतीत त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. कुळगावच्या जुन्या वस्तीत, आता चारी बाजूंनी टॉवर उठलेत त्यांच्या मधोमध, ती गल्ली. घर लांबोळकं. पुढे ओटा, मग पडवी, माजघर, सगळ्यात मागे स्वयंपाकघर आणि मागचं दार. वर पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री, ती उडू नये म्हणून तिच्यावर विटा आणि जुने टायर. आणि दर्शनी भिंतीवर लाल रंगाची एक उभी रेघ, शेजारी कसलासा आकडा.

“हे काय?” मी विचारलं.

“ते आमचं नशीब,” काकू म्हणाल्या. काकू काकांसारख्या नव्हत्या. मनात येईल ते बोलून मोकळ्या व्हायच्या. “पोरगी शाळेत होती तेव्हा मोजणीवाले आले नि रेघ मारून गेले. इथनं मोठा रस्ता जाणार, तो हायवेला मिळणार. कधी? ते माहीत नाही. नक्की जाणार का? ते पण माहीत नाही. तेव्हापासून स्लॅब टाकता येत नाही, बँक दारात उभं करत नाही, घेणारा कोणी फिरकत नाही. भिंतीत खिळा मारायचा तरी वाटतं, कशाला मारू?”

मग काकांकडे हनुवटी करून म्हणाल्या, “आणि हे तेव्हापासून एक रात्र बाहेर राहिले नाहीत. पोरीला पुण्याला सोडायला गेलो, तिच्या खोलीत पाणी प्यायलो आणि परत. का? तर आपण नसताना नोटीस लावून गेले तर!”

काका समईची वात सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही. गिरणीवाल्याला ते रोज कुणाबद्दल विचारतात ते मला तेव्हा समजलं.

आरती सुरू झाली आणि एक गंमत झाली. गल्लीच्या पलीकडे, दाराला दार लागावं इतकं समोर, दुसरं घर होतं. इकडे काकांनी टाळ उचलले आणि तिकडेही टाळ वाजले. काकांनी आवाज चढवला, तिकडचा त्याहून चढला. काकू माझ्याकडे बघून हसल्या. तिकडे दादा होते, काकांचे सख्खे चुलतभाऊ. मोरीचं पाणी कुणाच्या ओट्यापुढून जायचं यावरून दोघांचं फाटलं होतं, आणि दोघांचे केस पिकले तरी ते सांधलं नव्हतं. कंपनीभरच्या लोकांना वळवून घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातलं एवढंसं गटार वळवता आलं नव्हतं. आरती संपली. दोन्ही घरांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाठ केली आणि प्रसाद वाटायला घेतला.

त्यानंतर एका संध्याकाळी काका गाडीतून उतरायच्या आतच गिरणीवाल्यानं मान वर केली.

“आले होते,” तो म्हणाला.

या वेळी नुसती रेघ नव्हती. रस्त्याचं काम खरोखरच निघालं होतं. कुणाचं काही म्हणणं असेल तर त्यानं सुनावणीला यावं. मोजणीला आलेला इंजिनीअर भला माणूस असावा. त्यानं काकूंच्या हातचा चहा पिता पिता सांगितलं, की इथे रस्त्याला वळण येतंच आहे, तुम्ही सुनावणीत मागितलंत तर रेघ जराशी पूर्वेला सरकू शकेल. पूर्वेला म्हणजे दादांच्या घरावरून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी गेममध्ये आपली गल्ली बांधली. गिरणीच्या जागी दुकान, समोरासमोर दोन घरं, एका घराच्या मागे उंच इमारत. मग हरीशला बोलावलं.

“तू सांग. रस्ता कुठनं गेला पाहिजे?”

हरीशनं स्क्रीन इकडून तिकडून फिरवून बघितली. पहिल्यांदाच त्यानं चेष्टा केली नाही. “पूर्वेकडून, काका. कर्व्ह मस्त बसेल. इकडनं मोड तीखा आहे, लोडेड ट्रक पलटी मारेल.” मग म्हणाला, “ये घर किसका है?”

“हाय एकाचं.”

काकांनी बुलडोझर घेतला आणि समोरच्या घरावर टेकवला. टिचकी मारून आत कोण आहे ते बघितलं नाही. धुळीचा एवढासा ढग उठला आणि जागा मोकळी झाली. रस्ता सुरेख बसला, गाड्या न थांबता धावायला लागल्या. हरीशनं टाळी मागितली. काकांनी दिली.

पुढचे काही दिवस काका वेगळेच होते. स्लॅबच्या गोष्टी करायचे. काकूंना स्वयंपाकघरात खिडकी हवी होती, ती कुठल्या बाजूला काढावी यावर माझं मत विचारायचे. “इतकी वर्षं तो माझ्याशी बोलला नाय,” ते एकदा गाडीत म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं. “त्याला कोणी अडवलंय? त्यानंही मांडावं आपलं म्हणणं.” जेवणाचा डबा मात्र अर्धा परत जायला लागला होता.

सुनावणीला काकू जाणार होत्या, पण त्यांचा गुडघा सुजला, म्हणून काकांनी मला बरोबर घेतलं. अर्ज मीच लिहून दिला होता, त्याची एक प्रत आधीच कचेरीत पोचली होती. कचेरीच्या व्हरांड्यात बाकडं एकच. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला दादा. एकटेच आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छत्री. नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि भलत्याच दाराकडे निघाले. काका क्षणभर बसून राहिले. मग उठले, जाऊन त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना बरोबर दाराकडे नेलं.

“कोण?” दादांनी विचारलं.

“मी.”

दादांनी कोपर सोडवून घेतलं नाही.

आत टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी नकाशा पुढे सरकवून दादांना विचारलं, “तुमची काही हरकत आहे का?”

“मला दिसत नाय, बाई, त्यात काय लिवलंय ते,” दादा म्हणाले. मग त्यांनी मान काकांच्या दिशेला वळवली. “याला विचारा. याला समजतं. हा सांगेल ते खरं.”

बाईंनी काकांकडे बघितलं. “बोला. रेघ पूर्वेला सरकवावी अशी तुमची मागणी आहे ना?”

काकांनी खिशातून अर्ज काढला. उघडला. त्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, वाचतायत. मग त्यांनी तो पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

“नाय. नकाशात हाय तशीच राहू दे.”

“नक्की? नंतर बदलता येणार नाही.”

“नक्की.”

दादांना रिक्षात बसवून दिल्यावर मी काकांवर चिडलेच. हे काय केलंत, म्हणून विचारलं. काका रस्त्याकडे बघत चालत होते.

“त्याच्या घराला मागचं दार नाय गं. मागे टॉवरची भिंत. पुढनं रस्ता गेला की त्याचं सगळंच जातं. माझं अर्धं तरी राहील.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “आणि नजर पण आली नाय त्याची अजून.”

काकूंना सांगायला ते मलाही घेऊन गेले. एकट्यांना धीर झाला नसावा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. गॅस बंद केला, पदराला हात पुसले.

“सगळ्या जगाला वळवून घेतलंत,” त्या म्हणाल्या. “मला एकदा तरी विचारलंत?”

काकांनी खिशातला अर्ज काढून फळीवर ठेवला. मी इतकं चांगलं काम बघून आले होते, तरी त्या वेळी मला काकूंचंच म्हणणं पटलं.

ओटा गेला, पडवी गेली, माजघराचा निम्मा भाग गेला. काकांनी दाराची चौकट आदल्या दिवशीच सोडवून मागे ठेवली होती. ती नंतर कुठे बसवायला जागाच उरली नाही. उरलेल्या घराला पुढून पत्रा ठोकला. माजघराची कापलेली भिंत, तिचा आतला निळा रंग, देवघराच्या कोनाड्यातली काजळी, सगळं रस्त्यावर आलं. आणि राहिलेली जागा इतकी तोकडी, की तिच्यावर नवं काही बांधायलाही परवानगी मिळेना. इतकी वर्षं काका रेघेत अडकले होते. आता रेघ पुसली गेली, आणि ते दोघं त्या दीड खोलीत अडकले. दिवसभर दारावरून डंपर जायचे, फळीवरची भांडी थरथरायची. काकूंनी भांडणंसुद्धा सोडून दिलं होतं.

“काका, नया शहर चालू करें?” हरीशनं एकदा विचारलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला वाईट वाटत होतं हे त्याच्या आवाजावरून समजत होतं.

“नको रे,” काका म्हणाले. “आता हात लगेच बुलडोझरकडे जातो.” लॅपटॉप त्यांनी मुलीला परत पाठवून दिला.

रस्ता सुरू झाला तसा मधोमध दुभाजक बसला. गल्ली होती तेव्हा चार पावलांवर असलेलं दादांचं घर आता पलीकडच्या काठावर गेलं. तिकडे जायचं तर थेट सिग्नलपर्यंत चालत जाऊन उलटं यायचं. दादांना तेवढं चालवत नव्हतं, आणि काकांना त्या डंपरांतून ओलांडायची छाती नव्हती.

आमच्या कंपनीची गाडीही त्याच रस्त्यानं जायला लागली. काकांची निवृत्ती झाली होती, त्यामुळे गाडी तिथे थांबायची नाही. एका संध्याकाळी मात्र पुढे काहीतरी अडकलं आणि आम्ही नेमके त्यांच्या घरासमोर उभे राहिलो. इकडे पत्र्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसले होते, मोबाइल कानाला. सहज पलीकडे बघितलं तर ओट्यावर दादा, त्यांचाही मोबाइल कानाला. इकडे काका हसले आणि तिकडे दादांचे खांदे हलले. मधून ट्रक जात होते. दोघं एकमेकांशीच बोलत होते.

रविवारी मी मुद्दाम भेटायला गेले. “काय बोलता एवढं?” मी विचारलं.

“काय बोलणार? जेवलास का, पाणी आलं का.” काकांनी पलीकडच्या ओट्याकडे बघितलं. “मागचं बोलायचं म्हटलं तर लय हाय. पण ते काय फोनवर बोलायचं असतं?”

पुढे काकूंनी पुण्याला जायचं ठरवलं. त्यांनी ठरवलं आणि सांगितलं, विचारलं नाही. काकांनीही काही वळवून बघितलं नाही. मुलीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. मी फोन केला की काका खुशालीचं बोलतात. “इथनं रस्ते झकास दिसतात, बाय. मोठे, सरळ, हरीशला आवडतील असे. पण खाली उतरलं की जायचं कुठं ते समजत नाय. म्हणून उतरतच नाय मी.” काकू मात्र सकाळ-संध्याकाळ उतरतात. त्यांना तिथे मैत्रिणी मिळाल्यात.

परवा माझं कुळगावात काम होतं. दादांच्या बाजूच्या फुटपाथनं चालले होते. दादा ओट्यावर बसले होते, काळा चष्मा आता गेला होता, फोन कानाला आणि नजर समोरच्या कुलूप लावलेल्या अर्ध्या घरावर. मी ओळख द्यायला थांबले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“हां, कुलूप हाय. पत्रा पण हाय,” ते मोठ्यानं सांगत होते. “निळ्या भिंतीवर मांजर बसलंय तुझ्या... नाय रे, एकटं नाय, पिल्लं हायत. किती ते कसं सांगू, एका जागी बसतात का ती? थांब, मधला डंपर जाऊ दे.”

डंपर गेला. दादांनी ओट्यावरून पुढे वाकून, मान लांब करून बघितलं.

“हां, दिसली,” ते म्हणाले. “आता बोल.”